न पिणाऱ्या खडकाचा मुलूख

प्रतापगड म्हटले की बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांसमोर जावळीचे खोरे उभे राहते. आमचा प्रतापगड राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. जंगलाने वेढलेला डोंगर, त्यावर गोंडकाळातल्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचे ठाणे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते तेव्हा झाडीपट्टीतल्या गावागावांतून माणसे येतात आणि दोन्ही ठिकाणी माथा टेकून जातात. जवळच गोठणगाव, इटियाडोहचे धरण आणि तिबेटी निर्वासितांची वसाहत. थोडे पलीकडे नवेगावबांध.

या तालुक्यात मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. माझे माहेर मिरचीसाठी नाव मिळवलेल्या केशोरीच्या बाजूचे, सासर धानाच्या बांध्यांतले. भूगोलाच्या पुस्तकात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण असे चार धडे असतात. मुले ते चार पेपर असल्यासारखे वेगवेगळे पाठ करतात. नैसर्गिक संसाधनांचा धडा आणखी पुढे, त्यात खनिजांची आणि पिकांची यादी. मला ही मांडणी कधीच पटली नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी उभे राहिले की हे चारही धडे एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक सोडवायला जावे तर बाकीचे हातात येतात. मुलांना मी ते असेच शिकवले आणि तेच इथे सांगायचे आहे.

सुरुवात गोट्यापासून करते. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. सहलीला गेलेल्या मुलांपैकी कोणी ना कोणी हमखास विचारायचे, “मॅडम, हा गोटा किती जुना आहे जी?” साताऱ्याच्या प्रतापगडावर हाच प्रश्न विचारला तर उत्तर मिळेल, सुमारे साडेसहा कोटी वर्षे. तिथला काळा बेसाल्ट त्या काळात जमिनीला भेगा पडून वाहिलेल्या लाव्हाचा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग याच खडकावर उभा असल्यामुळे खडक म्हणजे काळा कातळ, अशी आपली समजूत होऊन बसते. पूर्व विदर्भात मात्र तो लाव्हा मागे पडतो आणि त्याहून फार जुना पाया उघडा होतो. ग्रॅनाइट, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस, चमकणारे शिस्ट, पांढरट कठीण क्वार्टझाइट हे इथले खडक. यातल्या एका गटाला भूवैज्ञानिकांनी साकोलीचे नाव दिले आहे, दुसऱ्याला आमगावचे. आमच्या एसटीच्या पाटीवरची ही दोन गावे भूशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली आहेत, हे ऐकून मुलांचे चेहरे खुलायचे.

या पायाचे वय दोनशे ते अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. पृथ्वीचे स्वतःचे वय 454 कोटी वर्षे धरले, तर तिच्या निम्म्या आयुष्याची ही साक्ष आहे. त्या काळात जमिनीवर गवताचे पातेही नव्हते. समुद्रात सूक्ष्म जीव होते आणि त्यांच्यातल्या काहींनी सूर्यप्रकाश वापरून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली होती. हवेत तो साठू लागला तो साधारण याच सुमारास. पुढे फार नंतर दक्षिणेकडचे भूखंड एकत्र येऊन एक मोठे खंड झाले. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी 1885 मध्ये त्याला गोंडांच्या या मुलखावरून गोंडवाना हे नाव दिले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत त्यात एकमेकांना लागून होते. आमचा खडक मात्र या गोंडवाना खंडाहूनही कितीतरी म्हातारा.

आता या खडकाचा स्वभाव. हा खडक पाणी पीत नाही. वालुकाश्माच्या कणांमध्ये फटी असतात, त्यांत पाणी मुरते. चुनखडीत पाणी भुयारे पाडते. बेसाल्टच्या थरांमध्ये निदान पोकळ जागा तरी असतात. ग्रॅनाइट आणि नाईस जमिनीत खोल, प्रचंड दाबाखाली, स्फटिकाला स्फटिक घट्ट चिकटून तयार झालेले. त्यांत पाण्याला जागा मिळते ती दोनच ठिकाणी. एक म्हणजे वरचा झिजून भुसभुशीत झालेला मुरमाचा थर आणि दुसरे म्हणजे खाली गेलेल्या भेगा. मुरमाचा थर बहुतेक ठिकाणी पातळ. भेगा कुठे आहेत, किती खोल आहेत, एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, याचा भरवसा नाही. म्हणून आमच्याकडे एका बोअरला दोन इंच पाणी लागते आणि शेजारच्या बांधीतल्या बोअरमधून नुसती धूळ वर येते. लोक नशिबाला बोल लावतात. तो खडकाचा स्वभाव आहे.

आणि वरून पडतो भरपूर पाऊस. वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुलांना मी फळ्यावर हिशेब करायला लावायची. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. तेव्हा 1300 मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर 1 कोटी 30 लाख लिटर पाणी पडते. हा आकडा निघाला की वर्ग शांत व्हायचा. मग पुढचा प्रश्न: एवढे पाणी पडूनही मे महिन्यात विहिरीचा तळ का दिसतो? परातीत पाणी ओतावे तसे ते या मुलखावर पडते. खाली जाण्याची वाट अरुंद, म्हणून ते वरूनच वाहून जाते. इथले ओढे गाढवी नदीला मिळतात, गाढवी गडचिरोलीच्या बाजूला जाऊन वैनगंगेला. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. प्रतापगडावर पडलेला पाऊस अडवला नाही तर तो आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतो.

पण हाच न पिणारा खडक स्वतः झिजून पाणी धरणारी वस्तू तयार करतो, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. पावसाचा थेंब खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आम्ल होतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक अशी खनिजे असतात. क्वार्ट्झला हे पाणी फारसे काही करू शकत नाही. त्याचे कण सुटे होऊन ओढ्यात, तिथून नदीत जातात आणि त्यांची रेती बनते. वैनगंगेच्या ज्या रेतीचे घाट लिलावात निघतात ती अशी आलेली आहे. फेल्डस्पारचे मात्र रूपच बदलते. त्यातले पोटॅशियम, सोडियम पाण्याबरोबर निघून जातात आणि मागे राहते चिकणमाती. खडकातले लोह गंजते, त्याने मुरमाला लाल-पिवळा रंग येतो. एका गोट्यातून रेती, चिकणमाती आणि गेरूसारखा रंग, अशा तीन वस्तू निघाल्या आणि यासाठी लागले पाणी, हवा आणि लाखो वर्षे. झाडांची मुळे आणि जमिनीतले जिवाणू हे काम आणखी वेगाने करतात. चारही आवरणे एका गोट्यावर कामाला लागलेली आहेत.

याच क्रियेत हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा कमी होतो. खडकातले कॅल्शियम नद्यांनी समुद्रात नेले की तिथे शंखशिंपल्यांच्या कवचांत आणि चुनखडीत तो कार्बन अडकून पडतो. ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडतात. लाखो वर्षांच्या मापाने पृथ्वीचे तापमान जगण्याजोगे राहिले त्यात या देवघेवीचा मोठा वाटा आहे. आपण कोळसा आणि तेल जाळून हवेत जे सोडतो ते उचलायला खडकांचा हा वेग पुरणार नाही, हेही मुलांना सांगावे लागते.

माती कुठे कशी बसली, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय कळते. उतारावरची गोटाळ ती बरडी, तिच्यात धानाचा जीव रमत नाही. त्याखालची रेतीमिश्रित पिवळसर ती सिहार, ही धानाची लाडकी जमीन. आणखी सखल भागात मोरांड आणि काळी कन्हार. एकाच टेकडीवरून खाली उतरत गेले की चारही भेटतात, कारण पाण्याने जड कण वर ठेवले आणि बारीक कण खाली नेले. धुरे घालून केलेल्या बांधीत चिखलणी करतात तेव्हा शेतकरी नेमके काय करतो? चिकणमातीचे कण घोळून तळाच्या बारीक फटी बुजवतो, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही आणि पऱ्हे रोवल्यावर पाण्यात उभे राहतात. धान निघाल्यावर त्याच बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोळी आणि जवस येते. एवढी बारीक समज ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्यांना मागास म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

या समजेचे सर्वांत मोठे रूप म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या भागात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळातले म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलताना नुसते मामा तलाव. शेतातली लहान ती बोडी. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. गोंड राजांच्या आश्रयाने त्यांनी हे काम केले. जो तलाव बांधील त्याला जमिनीचे हक्क मिळत, असे परंपरा सांगते. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेले पाणी आणि त्याभोवती सातबहिणी नावाच्या टेकड्या. टेकड्यांच्या मधल्या खिंडी तेवढ्या पाळ घालून बुजवल्या आणि उरलेले काम डोंगरांनीच केले. लोकांनी कोलू पाटलांना देव केले, कोलासूर म्हणून तिथे त्यांचे ठाणे आहे. जगात राजे आणि सेनापती देव झाले, पाण्याचा बांध घालणारा माणूस देव झाल्याची उदाहरणे थोडी असतील.

पाहायला जाल तर पाळ अगदी साधी दिसते. चिकणमाती आणि मुरूम थराथराने टाकून, तुडवून घट्ट केलेली. तिची खरी करामत जागा निवडण्यात आहे. खाली पाणी झिरपू न देणारा खडक, मागे जंगलाचा उतार, पुढे सखल बांध्या. एका तलावाचा सांडवा भरला की पाणी दुसऱ्या तलावात, तिथून तिसऱ्यात. पाळीखालून जे झिरपते ते वाया जात नाही, ते खालच्या विहिरींत उतरते. ज्या खडकात पाणी मुरत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो, तोच खडक तलावाचा फुकटचा तळ आहे. गुजरातेत किंवा राजस्थानात वाळूवर तलाव करायचा तर आधी झिरपण्याशी झगडावे लागते.

मोठे धरणही इथे आहे. गाढवी नदीवरचे इटियाडोह 1970 च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांच्या शेतांना जाते. त्याने भारी धान पिकवण्याची हमी दिली, हे मी स्वतः सासरी पाहिले आहे. पण मोठ्या धरणाचे पाणी कालव्याच्या वाटेनेच जाते, आणि कालवा टेकडीवर चढत नाही. वरच्या गावांना आजही बोडी आणि मामा तलावच तारतात.

हा पाऊस येतो कुठून, याचे उत्तर गोठणगावच्या वाटेवर चालताबोलता भेटते. 1972 मध्ये इथे तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत झाली. बर्फाच्या देशातली माणसे 45 अंशांच्या उन्हात आली, त्यांनी जंगलाच्या कडेला घरे बांधली आणि धान पिकवायला शिकली. त्यांचा मायदेश म्हणजे सरासरी चार-साडेचार हजार मीटर उंचीचे पठार. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियावर आदळला, त्यातून हिमालय आणि ते पठार वर उचलले गेले. आजही भारत दर वर्षी काही सेंटिमीटर उत्तरेला ढकलतोच आहे. उन्हाळ्यात भारताची जमीन आणि ते पठार तापते, हवा वर चढते आणि समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. उत्तरेची कोरडी थंड हवा हिमालय अडवून धरतो. हे दोन्ही नसते तर आपला मोसमी पाऊस असा राहिला नसता. नकाशावर मी मुलांना बोटाने ती वाट दाखवायची: ल्हासा, हिमालय, बंगालचा उपसागर आणि परत आपला प्रतापगड. वर्गात तिबेटी घरातली मुले असली तर त्या दिवशी ती ताठ बसत. त्यांच्या आजीचे गाव आपल्या धानाशी जोडलेले आहे, हे भूगोलाने त्यांना दिले, आणि माझ्या नोकरीतले ते सर्वांत समाधानाचे तास होते.

जीवावरणाबद्दल लिहायला बसले तर अंक पुरणार नाही. नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि इथले पक्षी, इथली माणसे त्यांनी मराठी वाचकांपर्यंत नेली. मला फक्त एक गोष्ट जोडायची आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह यांचे जंगल तलावाच्या वरच्या अंगाला आहे म्हणून तलाव टिकला. पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, मुळे मातीला धरून ठेवतात, पाणी सावकाश उतरते. वरचे झाड गेले की पहिल्याच दोन-चार पावसाळ्यांत माती तलावात येऊन बसते. तलावात गाळ का साचला, असे विचारणाऱ्याने आधी तलावाच्या वरच्या अंगाला चालत जावे.

तलावाच्या पोटातही जंगल असते. उथळ कडेला देवधान, मग कमळ, शिंगाडा आणि खाली पाण्यात बुडालेल्या वनस्पती. माशांची पिल्ले तिथे लपतात, बदके तिथे चरतात, मासे धरून जगणाऱ्या ढिवर समाजाची चूल त्यावर पेटते. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या आधाराने उरला आहे, तो या बांध्या आणि तलावांमुळे. हल्ली अनेक तलावांत बेशरम या तणाचे रान माजले, बाहेरची मासळी सोडली गेली आणि या वनस्पती गेल्या. आमच्या तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांबरोबर, विशेषतः बायांबरोबर, हे काम हाती घेतले. बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. कोणती वनस्पती कुठल्या मातीत आणि किती पाण्यात लावायची, हे ठरवताना त्या बायांचे ज्ञान कामी आले. मी याला भूविज्ञानच म्हणते.

तलावांची ही गत होण्यात मालकीचाही भाग आहे. 1950 चा कायदा होऊन मालगुजारी संपली, ते योग्यच झाले, कारण जमिनीवरची मालकी मूठभरांची होती. पण तलाव सरकारकडे गेले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. गावाचा निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजेपुरता वापरण्याचा हक्क, कागदावर राहिला, पाळीची दरवर्षीची डागडुजी मात्र कोणाचीच राहिली नाही.

आता गाळ काढायला यंत्रे येतात. गाळ काढून शेतात टाकणे ही इथली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, गाळ म्हणजे वरच्या जंगलातून उतरलेले खतच. पण मोजमाप न करता जेसीबीने तळ खोल खोदला की शतकानुशतके बसलेला चिकणमातीचा थर फाटतो आणि पाणी खालच्या मुरमात उतरते. उथळ कडा उभी कापली गेली की देवधानाला जागा राहत नाही. माझ्या माहेरच्या बाजूच्या एका तलावाचे असे झाले. कंत्राटदार खोली मोजून पैसे घेऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तलाव आधीपेक्षा लवकर आटला.

नैसर्गिक संसाधन म्हटले की मुले लगेच खनिजे सांगतात. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीज आहे, बॅटरी आणि पोलादाला ते लागते. ते एकदा काढले की परत येत नाही. तलावाचे पाणी दर पावसाळ्यात परत येते, पण जंगल, उतार, माती, पाळ आणि कडेची वनस्पती हे सगळे जागच्या जागी असेल तरच. यातला एक दुवा काढला तर तेवढाच पाऊस पडूनही संसाधन उरत नाही. उन्हाळी धानासाठी बोअरवर बोअर मारणाऱ्या माझ्या भावाबंदांना माझे हेच सांगणे आहे. भेगांतले पाणी हा या खडकाचा लहानसा साठा आहे, मोठा साठा त्याने पृष्ठभागावर ठेवायला सांगितला आहे.

ग्रामसभेत पुढच्या वेळी तलावाचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी मागा. खोदण्याआधी तळाची माती तपासा. वरच्या अंगाचे जंगल आणि तलाव यांचे काम एकाच आराखड्यात घ्या. आणि आराखडा करताना गावातले ढिवर आणि म्हातारे शेतकरी यांना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा.